‘आण इकडे’ न म्हणता काढलेले सहा दिवस

नाशिकहून परतलेल्या माणसाला आमच्या सांगलीत दोनच प्रश्न विचारतात. गंगेत, म्हणजे गोदावरीत, आंघोळ केलीस का, आणि चिवडा आणलास का. माझ्याकडून दोन्ही राहून गेलं. सहा दिवस नाशकात होतो, त्यातले पाच घरात बसून काढले, तेही बराच वेळ हात मांडीखाली दाबून. याला प्रवास म्हणायचं का, असं बायकोनं विचारलंच. पण मला विचाराल तर एवढ्या लांब मी आजवर कुठं गेलो नव्हतो.

मी आयटीआयमध्ये वायरिंग शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. खिशात टेस्टर आणि तोंडात एक वाक्य, ‘आण इकडे.’ पोरगं स्क्रू फिरवताना जरा चाचपडलं की मी म्हणतो, आण इकडे, आणि काम करून मोकळा होतो. घरीही तेच. बायको बरणीचं झाकण फिरवतेय, मुलगी सायकलची चेन चढवतेय, शेजारी कुलपाशी झटतोय, की माझे हात आपोआप पुढे. मी याला मदत म्हणत आलो. बायको याला माझी घाई म्हणते.

द्वारका

यंदा, नव्व्याण्णवच्या भाद्रपदात दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अक्काच्या उजव्या अंगावरून पाच महिन्यांपूर्वी वारं गेलं होतं. बोलणं शाबूत राहिलं, पाय काठीच्या आधारानं चालू लागला, उजवा हात मात्र अजून रुसलेला. आणि आता बडोद्याला त्यांची सून बाळंत झाली होती.

“मी सहा दिवस जाऊन येतो,” दाजी म्हणाले. “तुम्ही इथे राहाल का, विलासराव?”

मंगळवारी सकाळी नाशकातल्या द्वारकेला बसमधून उतरलो. दारातल्या रेटारेटीत शर्टाचं एक बटण उसवून एका धाग्यावर लोंबकळायला लागलं. समोरच्या चौकात ट्रक, रिक्षा आणि टेम्पो असे एकमेकांत घुसलेले की आमच्या स्टँडसमोरची गर्दी मला एकदम सभ्य वाटली. भूक लागली होती म्हणून कोपऱ्यावर मिसळ घेतली. आमच्याकडे मिसळ खाताना माणूस बोलत नाही, नाक पुसत राहतो. इथं ताटलीत पापड, दही, वेगळ्या वाटीत रस्सा, आणि वाढणारा म्हणतो, “सावकाश होऊ द्या, रस्सा अजून आहे.” मी पाच मिनिटांत उठलो. तो माझ्या ताटलीतल्या न मोडलेल्या पापडाकडे बघत राहिला.

गंगापूर रोड

अक्काचं घर गंगापूर रोडला, तळमजल्यावर, पुढे पेरूचं झाड. बेल वाजवली. आतून आवाज आला, “आले, आले.” मग काठी टेकल्याचा आवाज. मग कडी खरवडल्याचा. कडी वर जायची, थांबायची, परत खाली पडायची. मी बाहेर उभा राहून घामाघूम झालो. दाराला खांदा लावावा असं दोनदा मनात आलं.

अखेर दार उघडलं. अक्काच्या कपाळावर घाम, चेहऱ्यावर हसू. आणि तिच्या मागे दोन हातांवर दाजी, नुसते उभे.

“दाजी, तुम्ही मागे उभे राहून बघत होता?” मला रागच आला.

“तसंच सांगितलंय,” दाजी म्हणाले. “व्यायाम शिकवायला बाई येतात ना, त्यांनी. पडत असली तरच धरायचं. बाकी हात पुढे करायचा नाही.”

अक्का खुर्चीत बसेस्तोवर मी पाणी आणलं, पंखा लावला, आणि भिंतीवरच्या बोर्डाचा एक स्क्रू सैल दिसला म्हणून टेस्टर काढून तोही आवळला. अक्का बघत होती.

“विलास, तो टेस्टर फ्रिजवर ठेव,” ती म्हणाली. “सहा दिवस तुझ्या हातांना सुट्टी.”

“बरं, निदान सुईदोरा दे. बटण लावून घेतो.”

“राहू दे. सुट्टी म्हणजे सुट्टी.”

लोंबणारं बटण तोडून मी खिशात टाकलं.

दुपारी दाजींना रिक्षात बसवायला गेलो तेव्हा ते फाटकाशी थांबले. आवाज खाली आणून म्हणाले, “मुलगा म्हणतोय घर बंद करा आणि कायमचे बडोद्याला या. हिचं म्हणणं, दिवाळीपर्यंत थांबा, माझं मी सगळं करून दाखवते. मला ठरवता येत नाही. रोज बघून बघून मला फरक कळेनासा झालाय. तुम्ही परक्या डोळ्यांनी बघा. रविवारी मी आलो की सांगा, हिचं हिला इथं जमेल का नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी बडोद्याला हो कळवीन.”

रिक्षा गेली. खरं सांगायचं तर त्या कडीचा आवाज माझ्या कानात होता आणि उत्तर माझं तयार होतं. अक्काला जमणार नव्हतं.

बुधवारी सकाळी ती म्हणाली, “चहा मी करते.” मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल घेऊन बसलो आणि हात मांडीखाली घातले. साखरेचा डबा तिनं पोटाशी धरला, झाकण डाव्या हातानं फिरवलं. झाकण सुटून गडगडत कपाटाखाली गेलं. काठीनं ओढून काढलं. लायटर पेटेना. पेटला तोवर गॅसचा वास सुटलेला, मग गॅस बंद, खिडकी उघडी, थोडं थांबणं, परत पहिल्यापासून. आमच्याकडे एवढ्या वेळात चहा पिऊन माणसं आंघोळीला जातात. माझ्या बोटांना मुंग्या आल्या, त्या वजनानं की आणखी कशानं, सांगता येत नाही.

ओतायच्या वेळी मी स्टुलावरून अर्धा उठलो. पण तिनं कप ओट्यावर ठेवलेच नाहीत. ते सिंकमध्ये ठेवले आणि सांडशीनं पातेलं कलतं केलं. सांडायचं ते सिंकमध्ये सांडलं, उरला तो दोन कप चहा. मग एकेक कप टेबलावर आणला. ट्रेच्या भानगडीत ती पडलीच नाही.

“हे कुणी शिकवलं?” मी विचारलं.

“कोण शिकवणार? दोनदा पायावर ओतून घेतला, मग सुचलं.”

चहा गोडमिट्ट होता. मी दुसरा कप मागितला आणि मग जीभ चावली. पण अक्का खूश होऊन उठलीसुद्धा.

पेठच्या वाटेवर

अक्काकडे धुणीभांड्याला येसूबाई येते. पेठ तालुक्यातल्या डोंगरातली. भाताची आवणी, म्हणजे लावणी, आणि कापणी गावाकडे, मधले महिने नवऱ्यासोबत नाशकात, तो बांधकामावर, ही घरकामाला. पित्रांच्या जेवणाला माझ्या माहेरी चला, असं तिचं अक्काला दोन वर्षांपासूनचं आमंत्रण. गुरुवारी ती जाणार होती. अक्का म्हणाली, आम्हीही येतो.

मी नको म्हणून पाहिलं. दाजी असते तर त्यांनीही नको म्हटलं असतं. म्हणूनच बहुधा अक्कानं हा दिवस निवडला होता.

वडापची जीप, माणसं कोंबून नेणारी. मागची पायरी गुडघ्याएवढी उंच. अक्कानं काठी आत टाकली, डाव्या हातानं दांडा धरला आणि पाय उचलला. पाय अर्ध्यात गेला आणि खाली आला. पुन्हा. आतून एकजण ओरडला, “ओ भाऊ, उचला ना त्यांना, लय टाइम चाललाय!” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. खरं म्हणजे तो जे बोलला ते सगळं माझ्याच मनातलं होतं. तिसऱ्या खेपेला अक्का चढली आणि त्याच माणसाच्या शेजारी ऐसपैस बसली.

नाशिक सोडलं की तासाभरात मुलूख बदलतो. सावळघाटात ढग रस्त्यावर उतरले होते. उतारांवर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, हिरवे तुकडे, खाली खाचरांत भात पोटऱ्यात आलेला, मध्ये कुठंतरी पांढरी धार कड्यावरून पडतेय. आमच्याकडची काळी सपाट रानं आणि उसाचे फड बघितलेल्या डोळ्यांना ही शेती कुणीतरी डोंगराला ठिगळं लावावीत तशी दिसते. एवढ्याशा उतारावर माणूस पीक काढतो याचं मला नवल वाटलं, आणि पीक काढूनही वर्षातले सहा महिने शहरात विटा उचलायला जावं लागतं याचं वाईटही.

सडकेपासून पाड्यापर्यंतची पायवाट येसूबाई दहा मिनिटांत चालते. आम्हाला पाऊण तास लागला. येसूबाई अक्काच्या पुढे चालत होती, मागे वळून न बघता. फक्त काठी वाजायची थांबली की तीही थांबायची, रानातलं एखादं पान खुडायची, काठी वाजली की निघायची.

येसूबाईची आई दारातच होती. म्हातारी बारीक, चपळ, कपाळभर गोंदण. कुडाच्या भिंती, सारवलेली ओटी, छपरावर काकडीचा वेल. मनगटाएवढ्या काकड्या छपराच्या कडेला लोंबत होत्या. अक्का दमली होती, तिला गारवा मिळेल म्हणून मी हात उंचावून एक धरली.

“नको, भाऊ!” येसूबाई धावलीच. “नवं व्हायचंय अजून. नवं होत नाय तवर आम्ही तोंडाला लावत नाय.”

नवं म्हणजे नव्या पिकाचा पहिला घास देवाला आणि पूर्वजांना. तो दाखवेपर्यंत घरात कुणी त्या काकडीला शिवत नाही. अंगणात दोन नातवंडं त्या काकड्यांखालीच खेळत होती आणि वर बघतही नव्हती. आमच्या सांगलीत अशी काकडी दुपार बघणार नाही, आणि पहिला हात माझाच असेल. मी ओशाळून हात मागे घेतला. म्हातारी हसत होती.

जेवणाची तयारी चालली होती. चुलीवर उडदाची डाळ रटरटत होती आणि म्हातारी नागलीची भाकर करत होती, दोन्ही तळहातांवर थापून, फिरवत, पोळपाट नाही, परात नाही. अक्का चुलीपाशी सरकून बसली.

“मला जमेल का हो?”

“घे की.” म्हातारीनं पिठाचा गोळा तिच्या डाव्या तळव्यावर ठेवला.

अक्कानं उजवा हात वर आणला. गेले पाच महिने तो हात मांडीवर ठेवलेल्या पिशवीसारखा पडून असायचा. तो हलला, गोळ्यावर टेकला, दाबला गेला. पुन्हा उचलला, पुन्हा टेकला. भाकरीला एका बाजूनं आकार यायला लागला, दुसरी बाजू जाड. अक्काची जीभ दातांत धरलेली, लहानपणी गणित सोडवताना धरायची तशी. चूल भडकली होती, डाळ उतू जात होती, पोरं भुकेली होती, आणि भाकरीची कड तुटून राखेत पडली.

“आण इकडे,” मी म्हणालो.

म्हणालो आणि गोळा तिच्या हातातून घेतलासुद्धा. मला भाकरी येत नाही. कधीच आली नाही. तरीही मी तो घेतला होता आणि माझ्या दोन्ही तळहातांना नागलीचं काळं पीठ चिकटलं होतं. अक्काचे हात तसेच हवेत राहिले. मग तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलला आणि मांडीवर ठेवला.

म्हातारीनं डाळ उतरवली, माझ्याकडे बघितलं.

“भाऊ, तू कवा जाशील गावाला?”

“रविवारी.”

“मंग सोमवारी भाकर कोण करेल?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हातांचं पीठ खरवडत राहिलो.

जेवण उत्तम होतं, असं म्हणतात. उडदाची डाळ, नागलीची भाकर, लाल मिरचीचा ठेचा. मला चव लागली नाही. परतीच्या जीपमध्ये अक्का खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर “दार लाव” एवढंच बोलली.

पुन्हा गंगापूर रोड

शुक्रवारी तिनं चहा केला, माझा कप समोर ठेवला आणि वर्तमानपत्र उघडलं. माणूस भांडला तर बरं, असं वाटायला लावणारी शांतता. मी दुपारपर्यंत ती सोसली.

“अक्का, चुकलो,” मी म्हणालो. “मला माझी लाज वाटली.”

तिनं वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी बायकोलाही सांगितली नव्हती. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. कारखान्यात चांगल्या हुद्द्यावर आहे. पाया पडला आणि सहज म्हणाला, “सर, तुमच्या हाताखाली दोन वर्षं होतो, पण पहिली वायर मी जोडली ती नोकरी लागल्यावर. हात लय थरथरला होता.” तो हसत होता. मीही हसलो. पण ते वाक्य सव्वीस वर्षांच्या सगळ्या बॅचेसकडून आल्यासारखं मला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी पुन्हा तेच केलं. सुधारणं तर राहोच, मला ते थांबवताही येत नव्हतं.

अक्कानं वर्तमानपत्राची घडी घातली. एका हातानं, टेबलावर दाबत.

“तुला माहीत आहे हा शब्द कुणाचा?” ती म्हणाली. “माझा. आई आजारी असायची, तुझं सगळं मी करायचे. तुला दप्तर भरता यायचं नाही, आण इकडे. पाटी पुसता यायची नाही, आण इकडे. चौथीपर्यंत तुझ्या शर्टाची बटणं मी लावत होते. मला शाळेची घाई असायची. तुला वाटायचं अक्काची माया.”

“माया नव्हती?”

“होती की. घाईसुद्धा होती. दोन्ही असतं रे, विलास.” मग जरा थांबून म्हणाली, “काल तू गोळा घेतलास ना, तेव्हा राग भाकरीचा नाही आला. पाच महिन्यांत पहिल्यांदा उजवा हात माझं ऐकत होता. तेवढ्यात तू आलास.”

मला रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस, बहिणीच्या डायनिंग टेबलाशी बसून रडलो. तिनं रडू दिलं. रुमाल पुढे केला नाही, तो मीच शोधला.

शनिवारी ती एकटी भाजी आणायला निघाली. मी वीस पावलं मागे चालायचं, असं ठरलं. गंगापूर रोड ओलांडताना ती दुभाजकापाशी थांबली. डावीकडून सिटी बस, उजवीकडून स्कूटर. माझे हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरलेलं. अक्कानं काठी आडवी उचलून धरली, पोलिसासारखी. एक रिक्षावाला करकचून थांबला, “सावकाश, मावशी,” म्हणाला, आणि मागचा हॉर्न वाजवायला लागला तर त्याच्यावरच खेकसला. येताना तिच्या पिशवीत मेथीची जुडी आणि चार लिंबं होती. पिशवीला मी हातही लावला नाही.

रविवारी नऊला दाजी आले. बाळाचे फोटो, सुनेची ख्यालीखुशाली, सगळं झालं. माझी बस द्वारकेहून अकराला होती. बॅग भरून मी बाहेरच्या खोलीत आलो तेव्हा दाजी खुर्चीच्या कडेवर बसले होते.

“मग, विलासराव? काय कळवू बडोद्याला?”

माझ्याकडे आता वेगळं उत्तर होतं. चांगलं, भरभक्कम, उदाहरणांसकट. चहा, जीप, रस्ता. ते जिभेच्या टोकाशी आलं होतं. मी ते गिळलं.

“मी कशाला सांगू?” मी म्हणालो. “ती बसलीय की समोर. तिला विचारा.”

दाजींनी अक्काकडे मान वळवली. मला वाटतं, पाच महिन्यांत त्यांनी ते तिला असं सरळ विचारलं नव्हतं. अक्कानं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या शर्टाकडे.

“हा असा छाती उघडी टाकून सांगलीला जाणार?” ती म्हणाली. “बटण कुठाय?”

मी खिशातून बटण काढलं.

“आण इकडे.”

मी शर्ट काढून दिला आणि बनियनवर समोर बसलो. तिनं सुईचा डबा उघडला. सुई उशीत उभी खोचली आणि डाव्या हातानं दोरा ओवायला लागली. दोरा चुकायचा, ती तो ओठांत ओला करायची, पुन्हा. घड्याळात सव्वादहा झाले. दाजी चुळबुळले, “अगं, त्यांची बस,” म्हणाले, आणि स्वतःच गप्प झाले. दोरा ओवला गेला तेव्हा आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला. मग तिनं उजवा हात शर्टावर ठेवला. तो कापड दाबून धरत होता. डावा हात सुई खाली घालायचा, वर काढायचा. एकदा बोटाला टोचली, तिनं बोट चोखलं आणि पुढे सुरू. मला सुई ओवता येते, बटण दोन मिनिटांत लावता येतं. मी माझे हात मांडीखाली घातले नाहीत. गरज पडली नाही. ते नुसते माझ्या गुडघ्यांवर पडून होते आणि मी बघत होतो.

अकरा वाजून गेले. पेरूच्या झाडावर पोपट ओरडत होते. तिनं गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, आणि शर्ट माझ्याकडे देत दाजींना म्हणाली, “कळवा त्यांना. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन तुम्हीच या म्हणावं. घर उघडंच आहे.”

दाजींनी चष्मा काढून पुसला. मग फोनपाशी गेले आणि नंबर फिरवायला लागले.

मी दुपारची गाडी धरली. द्वारकेला अर्धा तास हाताशी होता, मिसळ खाल्ली, पापड मोडून, सावकाश. टेस्टर फ्रिजवरच राहिला. तो मागवून घ्यायचं अजून सुचलेलं नाही.

पांढऱ्या शर्टाला बटण निळ्या दोऱ्यानं लागलंय आणि ते काजापासून बोटभर खाली आहे, त्यामुळे तिथं कापडाला चुणी पडते. सोमवारी सकाळी बायकोनं ते बघितलं.

“हे काय? आणा इकडे, नीट लावून देते.”

मी बटण काजात घातलं आणि वर्गावर गेलो.